भिंतीतली धमधम

मला राग लवकर येतो आणि जायला फार वेळ लागतो, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. पण बेकरीत राबणाऱ्या बाईच्या दुपारच्या झोपेला हात लावून बघा, मग बोला. उजाडायच्या आत मी भट्टीपाशी उभी असते. मैदा मळायचं यंत्र कानाशी दणदणत असतं, पावांचे ट्रे आत-बाहेर करून अंगाची नुसती लाही होते. दुपारी घरी यायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि आडवं व्हायचं. तेवढंच काय ते माझं सुख.

त्या सुखात शेजारची नवी भाडेकरू येऊन कडमडली. संगीत शिकणारी पोरगी, अंगाने काडी, आणि पाठीवर तिच्याहून मोठी गिटारीची पेटी. ती आली त्याच आठवड्यात एका दुपारी डोळा लागतोय न लागतोय तोच उशीतून धम! मग धम-धम. गाणं नाही, सूर नाही, नुसते दणके. माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरातलं लाटणं उचललं आणि तिचं दार ठोठावलं.

दार उघडलं तर गळ्यात गिटार. जाड जाड चार तारा.

"आवाज येतोय काकू? अहो, पण मी तर स्पीकर लावलेलाच नाही!"

"मग काय माझं डोकं वाजतंय?"

पोरगी गोंधळली, तिने खोलीत मागे वळून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या बेस गिटारीचं म्हणे असं असतं, स्पीकरशिवाय वाजवली तर वाजवणाऱ्यालाच धड ऐकू येत नाही. म्हणून ही मंडळी गिटारीचं डोकं लाकडी कपाटाला टेकवतात. लाकूड घुमतं, आपल्यापुरतं ऐकू येतं, शेजाऱ्यांना त्रास नाही. युक्ती छानच! फक्त ते कपाट ज्या भिंतीत, त्याच भिंतीला पलीकडून माझा पलंग. म्हणजे माझी झोप मोडू नये म्हणून बयेने गिटार थेट माझ्या उशीलाच लावली होती.

"सॉरी काकू. आता इथे नाही वाजवणार. शब्द देते."

शब्द दिला, आणि दुसऱ्याच दुपारी परत धम, धम-धम! अंगाचा तिळपापड झाला. तशीच उठून बसले आणि लाटणं भिंतीवर आपटलं. "बंद कर! बंद कर म्हणते ना!" लगेच थांबलं. बघा, म्हणजे ऐकू जात होतं तिला! पण मी डाव्या कुशीवर वळून डोळे मिटले की हळूच पुन्हा सुरू. ती धमधमबाई माझ्या झोपेवर टपूनच बसलीय, याबद्दल मला शंकाच उरली नाही.

आमचे हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतात. सुट्टीच्या दिवशी त्यांना भिंतीला कान लावायला सांगितलं.

"मला तर काही ऐकू येत नाही," हे म्हणाले.

"तुम्हाला माझं बोलणं कधी ऐकू आलंय, की भिंतीतलं येईल!"

एकदा जिन्यात ती समोरून आली. मी कठड्याला धरून थांबले होते. हल्ली जिना चढताना धाप लागायची. भट्टीची उष्णता बाधते, दुसरं काय. ती माझी पिशवी घ्यायला पुढे झाली. मी पिशवी मागे ओढली.

"गोड बोलून मला गुंडाळू नकोस. दुपारी काय चाललेलं असतं तुझं?"

"काकू, मी खरंच वाजवत नाहीये हो."

चोराच्या उलट्या बोंबा! तोंडावर इतकं धडधडीत खोटं? मी तडक घरमालक गाठला. तो माणूस वाईट नाही, पण त्याला कटकट नको असते.

"आधीच्या दोन घरांतून हिला गिटारीपायीच काढलंय," तो म्हणाला. "परीक्षा तोंडावर आहे, आता कुठे जाऊ, म्हणून माझ्यासमोर रडली होती. मी तिला बजावून ठेवतो. पण पुन्हा वाजलं तर सामान बाहेर. मग तर झालं?"

"पुन्हा वाजेलच," मी म्हटलं.

आणि वाजलं. एका दुपारी तर कहर झाला. धम-धम-धम, मध्येच गप्प, मग एकदम धाडकन. कुशी बदलली, उठून बसले, लाटणं आपटलं, तरी थांबेना. सुट्टी म्हणून घरीच झोपलेल्या यांना उठवलं, घरमालकाला खालून बोलावून आणलं. "चला, आत्ता वाजतंय, रंगेहाथ पकडू."

दार तिने लगेच उघडलं. हातात गिटार नव्हती. एक लाकडी फळी होती, तिच्यावर पेन्सिलीने चार लांब रेघा ओढलेल्या.

"हे काय?" घरमालकाने विचारलं.

"तारा आहेत. म्हणजे, बोटांची सवय मोडू नये म्हणून. गिटार इथे नाही, मैत्रिणीकडे आहे."

घरमालकाने कपाट उघडलं. कपडे, छत्री, रिकामी पेटी. पलंगाखाली वाकून बघितलं. तिथे चपला. तो माझ्याकडे बघायला लागला, हे माझ्याकडे बघायला लागले.

"अहो, पण अजून वाजतंय की!" मी ओरडले. "तुम्ही सगळे बहिरे झालात का?"

पोरीचा चेहरा एकदम बदलला.

"काकू, कसं वाजतंय? मला वाजवून दाखवा."

मी कपाटाच्या दारावर मुठीने वाजवून दाखवलं. धम. धम-धम-धम. मग काहीच नाही. मग धम.

तिने मान हलवली. "असं कोणी वाजवत नाही, काकू. याला ताल नाहीये." आणि तिने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांची टोकं तारांनी दगडासारखी झालेली. ती डोळे मिटून उभी राहिली. तिचे ओठ काहीतरी मोजत होते, मोजता मोजता चुकत होते. डोळे उघडले तेव्हा पोरगी पांढरीफटक पडली होती.

"काका, गाडी बोलवा. लवकर," ती यांना म्हणाली.

यांनी मला धरून खाली कसं नेलं ते मला आठवतही नाही.

हॉस्पिटलात छातीला वायरी चिकटवल्या. यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. डॉक्टरीणबाईंनी तो बघितला, परत बघितला, आणि मला म्हणाल्या, "बरं झालं आजच आलात. हे ठोके सारखे पडत नाहीयेत. असं कधीपासून होतंय?"

"आजच," मी म्हटलं. कारण आज ती वाजवत नव्हती, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"नीट आठवून सांगा. त्यावर औषध ठरणार आहे."

यांना तर काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा पडद्याशी उभी असलेली पोरगी पुढे आली. अजून पायांत घरातल्याच सपाता होत्या.

"डॉक्टर, मला सांगता येईल. काकू पहिल्यांदा माझ्याकडे भांडायला आल्या ना, त्याच संध्याकाळी मी गिटार मैत्रिणीकडे नेऊन ठेवली. त्यानंतर त्या खोलीत मी एकदाही वाजवलं नाही. महिना होऊन गेला. त्या दिवसापासून काकूंना जे ऐकू आलं, ते सगळं हेच."

डॉक्टरीणबाई लिहून घ्यायला लागल्या. हे खाली बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र भिंतीवरचे पोपडे आले, लाटण्याने उडालेले. रोज दुपारी उठून बसायचे, जीव खाऊन हाणायचे आणि ओरडायचे, बंद कर, बंद कर म्हणते ना. पलीकडे पोरगी फळीवर मुकाट बोटं फिरवत होती. मी रोज माझ्याच काळजाला बंद पडायला सांगत होते.