तुमची ती

“आली का गं ती?” श्रीपतने पुन्हा विचारलं.

“आली. जिती हाय अजून,” विठाबाई म्हणाली आणि भिजवलेल्या वालांचं ताट सोलायला पुढ्यात ओढलं.

सून स्नेहल कळंबच्या रिसॉर्टवर कामाला जाताना टीव्ही लावून गेली होती. दिवाळीच्या सुट्टीत हा जुना चित्रपट दर वर्षी दाखवत. रसायनीच्या कारखान्यात होता तेव्हा श्रीपत त्या दिवशी पाळी बदलून घेई. त्यातल्या नटीचं नाव विठाबाईने आयुष्यात घेतलं नव्हतं. ‘तुमची ती’, एवढंच.

त्यात एक प्रसंग होता. नवरा दारू पिऊन उशिरा येतो, बायको ताट वाढून वाट बघत असते. ना संवाद, ना संगीत. ती नुसती बसून राही आणि इकडे श्रीपतचे डोळे भरत. “काय काम केलंय! नुसती बसलीय, पण पोटातली भूक दिसते बघ.” हे ऐकता ऐकता विठाबाईने कितीदा तरी तव्यावरची भाकरी करपवली होती. दुसऱ्या पाळीहून रात्री हा येईपर्यंत तीही उपाशीच बसायची. ती भूक कुणाला दिसली नव्हती.

आता काचबिंदूने श्रीपतची नजर गेली होती. सुटले एकदाची, असं विठाबाईला वाटलं होतं. तर आता तिलाच सगळं सांगत बसावं लागे.

“काय करते आता?”

“बसलीय.”

“अगं, पण कशी? भितीला टेकून?”

“टेकून नाय. ताठ बसलीय.”

“बघ! टेकली तर झोप लागंल ना. केवढा विचार केलाय बाईनं.”

सांगायचं म्हणून विठाबाई पहिल्यांदाच नीट बघू लागली. ती बाई ताटावरचा रुमाल जरासा उचलून भाकरीला बोटांची पाठ लावत होती, ऊब आहे का बघायला. कुणी शिकवलं हिला? विठाबाईला तिडीक आली. चांगलं करत होती मेली, म्हणूनच तिडीक.

तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला. श्रीपतला कळलं नाही. प्रसंग मुळातच मुका होता.

“आता गं?”

लाईट गेली, एवढं म्हटलं असतं तर ती बाई घरातून गेली असती. पण श्रीपत पुढे झुकला होता, टीव्हीकडे नाही, तिच्याकडे. असा तो तिच्याकडे कधी झुकला होता?

“रुमाल काढला,” विठाबाई म्हणाली. “दाराकडं बघितलं. आन आता ताट आपल्याकडं ओढलं.”

“आं?”

“भाकरी मोडली. जेवाय लागली.”

“नाय गं. तो येईस्तोवर ती उपाशीच असते.”

“जेवते. मांडी घालून, ठेचा लावून जेवते. बोटं चाटते.”

“एवढ्या येळा बघितला मी. असं कधी नव्हतं त्यात.”

“होतं. तुमचं लक्ष नव्हतं.”

रस्त्यावरून एक टेंपो गाणी वाजवत गेला. मग श्रीपतने हळूच विचारलं, “भरलं का गं पोट तिचं?”

“जेवू द्या की तिला,” विठाबाई म्हणाली.

काळ्या पडद्यासमोर दोघंही बसून राहिली, तिचं जेवण होईपर्यंत.