उचललेले ओंडके

“पडलेलं झाड उचलू नकोस रे. त्याचं काम अजून संपलेलं नसतं.”

वडिलांचं हे सांगणं थोरल्याला आठवलं, पण रोपं वाळून गेल्यावर.

शेकडो वर्षांचं ते रान दोघा भावांच्या नावावर होतं. लाकूडवाला कधीचा टपलेला. तरी दोघांनी वनरक्षण संस्थेशी करार केला. जमीन भावांचीच, पण तीस वर्षं कुऱ्हाड लावायची नाही. मधला उजाड पट्टा पुन्हा उभा करायचा, रोपं संस्थेची, राखण भावांची. वर्षभरात निम्मी रोपं जगली नाहीत, तर करार मोडायला कोणीही मोकळा.

थोरला दवाखान्यात सफाईचा मुकादम. त्याच्या फरशीत तोंड दिसायचं. त्यानं मोठ्या मायेनं पट्टाही तसाच लख्ख केला. कुजके ओंडके ओढून रस्त्याकडेला टाकले, पालापाचोळा जाळला, मग रोपं लावली.

“दोनशेतली अकरा उरली, दादा,” धाकट्यानं लाकूडवाल्याचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. “रान म्हणजे काय वॉर्ड आहे, झाडून-पुसून घ्यायला? कर सही, सुटू दोघंही.”

रोज संध्याकाळी खांद्यावरून पाणी वाहून थोरल्याचे खांदे सोलवटले होते. “माझ्याच हातानं झालं,” एवढंच तो म्हणाला.

आत्या कोपऱ्यात शेंगा सोलत होती. “ऐन उन्हाळ्यात कुजक्या ओंडक्यात बोट घाल, ओल लागते. त्या ओलीवर रोप तगतं. तू बाळाला कुशीतून उचलून फरशीवर ठेवलंस, बाबा.”

“आता कळून काय उपयोग? रान उभं राहिलेलं बघायला आपण असणार का?” धाकटा म्हणाला.

“नाही असणार. मी तर नाहीच. एकट्याचं मन डळमळतं, म्हणून तर संस्थेला मधे घेऊन सगळ्यांच्या सह्या केल्या ना? आज थोरला खचलाय. आज तू धरायचंस.”

धाकट्याची नजर भावाच्या सोलवटलेल्या खांद्यांवर गेली. मग त्यानं संस्थेच्या बाईंना फोन लावला. दोघांनी मिळून अर्ज केला तर आणखी एक वर्ष मिळेल, त्या म्हणाल्या; पुढचं रोपांच्या हाती.

त्यानं लाकूडवाल्याचा कागद फाडला. “अर्जावर सही करतो, आत्या. पण माझा विश्वास नाही.”

“विश्वास मागाहून येतो. सही आधी कर.”

आपण सारी घर नीटनेटकं ठेवणारी माणसं. पण जे आपण मांडलं नाही, ते आवरायला जाऊ नये. जुनं रान राखायचं तर आधी आपला हात आवरावा, आणि तो थकला की शेजारचा हात धरावा.

कामावर जाण्याआधी रोज एक ओंडका परत नेईन, असं थोरल्यानं आत्याला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना सवयीनं त्याचा हात दारामागच्या खराट्याकडे गेला. तो थांबला. खुंटीवरचा दोर घेतला आणि कोणाला न उठवता रस्त्याकडे निघाला.