उत्तमसिंगची पकड

पुसेगावच्या पुढं माळाला लागून जो तांडा आहे, तिथं उत्तमसिंग राठोडचं नाव एके काळी कबड्डीसाठी घेतलं जायचं. तो कोपऱ्यात उभा राहिला की चढाईला येणारा गडी त्या बाजूला फिरकायचाच नाही. आता उत्तमसिंगची पन्नाशी उलटली होती. पोट सुटलं होतं, रक्तात साखर निघाली होती आणि हळदीच्या वावराचा बांध चढतानाही धाप लागायची. पण मनातला गडी काही म्हातारा व्हायला तयार नव्हता. पारावर बसला की तो जुने सामने सांगायचा, आणि ऐकणारेही मान डोलवायचे.

त्या जुन्या संघात त्याच्या जोडीला प्रेमदास जाधव होता. प्रेमदासची चढाई आणि उत्तमसिंगची पकड, अशी दोघांची जोडी साऱ्या पट्ट्यात गाजलेली. पुढं प्रेमदास फौजेत गेला आणि उत्तमसिंग शेतात राहिला. नोकरी संपवून प्रेमदास तांड्यावर परतला तेव्हा पारावरच्या सगळ्या माणसांत त्याचंच पोट तेवढं सपाट होतं. हे पहिल्याच दिवशी उत्तमसिंगच्या डोळ्यात भरलं.

प्रेमदास काही पारावर बसला नाही. समाजमंदिर नुसतं पत्ते कुटायला वापरात होतं, ते त्यानं झाडून काढलं. हिंगोलीच्या एका संस्थेला गाठून तिथं कुटुंबांसाठी कार्यक्रम सुरू केले. सकाळी बायांचा व्यायाम, संध्याकाळी लेकरांचे खेळ, आठवड्याला एकदा कमी तेला-मिठाचा स्वयंपाक आणि महिन्याला नर्सबाईकडून तपासणी. पत्त्यांचा डाव उठला म्हणून पुरुष आधी कुरकुरले, मग गप्प बसले. बाया मात्र दोन-चार करता करता इतक्या जमल्या की व्यायाम आतल्या फरशीवरून बाहेरच्या मैदानावर आणावा लागला.

त्यात पहिल्या दिवसापासून होती ती उत्तमसिंगची बायको, निर्मलाबाई.

निर्मलाबाई म्हणजे खाली मान घालून काम करणारी बाई. पोरी लग्न होऊन गेल्या होत्या, पोरगा पुण्याला कंपनीत होता. घरात दोघंच. बोलायला असं काही उरलं नव्हतं. पण व्यायामाला जायला लागल्यापासून तिला कंठ फुटला, आणि त्या कंठातून पहिला शब्द निघायचा तो एकाच माणसाचा.

"प्रेमदासभाऊ म्हनले, जेवनाआधी काकडी खात जावा."

"प्रेमदासभाऊ म्हनले, लोनच्यात लई मीठ असतं."

"प्रेमदासभाऊ म्हनले, तुमच्या साखरंला चालनं हेच औषध हाय."

उत्तमसिंग भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबायचा. "त्यो काय डाक्टर लागून गेला?"

"डाक्टर न्हाई. पन बराबर सांगतात," असं म्हणून ती उठायची आणि पूर्वीसारखा गुडघ्यावर हात न टेकता उठायची. तेही त्याला दिसायचं.

पुसेगावला मुन्नाच्या हॉटेलात चहा प्यायला गेला, तर तिथंही तेच. मुन्ना गल्ल्यावरून ओरडला, "उत्तमदादा, वहिनीचा दम काय म्हनावा! रस्सीखेचला सगळ्यात पुढं त्याच उभ्या राहून राहिल्या म्हनं. प्रेमदासदादा परवा इथं बसून लई तारीफ करत व्हते."

हॉटेलातले दोघे-तिघे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण उत्तमसिंगला चहा कडू लागला. आपल्या बायकोची तारीफ दुसऱ्या माणसानं हॉटेलात बसून करावी, आणि ती आपल्याला मुन्नाकडून कळावी! अर्धा कप तसाच ठेवून तो उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वावरात जायचं म्हणून निघाला आणि समाजमंदिराच्या मागच्या बाजूनं, बाभळीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. मैदानावर बायांनी दोरखंड धरला होता. निर्मलाबाईनं ओढणीचा पदर कंबरेला घट्ट बांधून टाचा मातीत रोवल्या होत्या. समोर शिट्टी घेऊन प्रेमदास उभा. "जोर लावा वहिनी, जोर!" तो ओरडला, आणि समोरची अख्खी रांग तोंडघशी पडली. निर्मलाबाई मागच्या मागं मातीत बसली आणि खदखदून हसली. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली.

 ही अशी हसते, हे उत्तमसिंगला माहीतच नव्हतं. का कधीतरी माहीत होतं, आणि विसरलं? त्यानं आठवून पाहिलं, काही आठवेना. आणि आठवेना म्हणून राग यायला हवा होता स्वतःचा, तो आला प्रेमदासचा.

त्या दिवशी निर्मलाबाई घरी आल्या आल्या तो म्हणाला, "उद्यापासून तितं जायचं न्हाई."

"काहून?"

"काहून म्हंजे? मी म्हनतो म्हनून."

तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "माजा गुडगा तीन वर्सं ठनकत व्हता. तुमाला किती डाव सांगितलं. तुमी ऐकून घेतलं न्हाई. आता बरा झाला, तर जाऊ नको म्हनता?"

 खरं कारण जिभेवर आणायची त्याला लाज वाटत होती. ती मात्र दुसऱ्या दिवशी गेली, आणि तो अडवू शकला नाही.

मग संक्रांत झाल्यावर कुटुंब मेळावा ठरला. बायांची रस्सीखेच, लेकरांच्या शर्यती, ज्वारी-बाजरीच्या पदार्थांची मांडणी, नर्सबाईंची तपासणी, आणि शेवटी चाळिशीच्या वरच्या पुरुषांची कबड्डी. नावं द्यायची वेळ आली तेव्हा उत्तमसिंग सगळ्यात आधी पुढं झाला. त्याला प्रेमदासच्या संघात घालत होते, तर म्हणाला, "न्हाई. मी समोरच्या बाजूनं खेळनार."

प्रेमदासनं हसून त्याच्या खांद्यावर थाप मारली. "ये गड्या. लई वर्सांनी मजा येईल."

ती थापही उत्तमसिंगला सलली. आठवडाभर तो वावरात कुणी नसताना उठाबशा काढत राहिला. निर्मलाबाईला वाटलं, मेळाव्यामुळं का होईना, माणूस हलायला लागला. तिनं रात्रीची भाकरी ज्वारीची आणि भाजी कमी तेलाची केली, तरी त्यानं मुकाट्यानं खाल्ली. ती मनातून खूश होती.

मेळाव्याच्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेलं. पुसेगावचे लोक आले, शेजारच्या तांड्यावरचे आले. पंच म्हणून शाळेतले गोपाळ सर उभे होते. बायांच्या रस्सीखेचीत निर्मलाबाईचा गट जिंकला, तेव्हा टाळ्यांच्या गजरात प्रेमदासनं माइकवर तिचं नाव घेतलं. तिनं सगळ्या माणसांवरून नजर फिरवली. ती उत्तमसिंगलाच शोधत होती, पण त्याला ते समजलं नाही. त्याला फक्त माइकवरचा आवाज ऐकू येत होता.

मग कबड्डी सुरू झाली. पहिल्या चढाईतच उत्तमसिंगचा दम तुटला. मध्यरेषेच्या अलीकडं येऊन तो ढोपरावर हात ठेवून वाकला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "दादा, पानी पिऊन या!" कुणीतरी ओरडलं. त्याचं अंग तापलं. तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, आपल्या जुन्या जागी.

प्रेमदास चढाईला आला. हलक्या पायानं, जसा तीस वर्षांपूर्वी यायचा तसा. त्यानं एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याला शिवला आणि परत फिरताना त्याचा पाय उत्तमसिंगच्या कोपऱ्यात पडला. उत्तमसिंगनं झेप घेतली. घोटा हातात आला. बाकीचे अंगावर पडले, प्रेमदास आडवा झाला, त्याचा दम सुटला, आणि गोपाळ सरांनी शिट्टी वाजवली. पकड झाली होती. लोक ओरडत होते. एवढ्यावर थांबलं असतं तर तो दिवस उत्तमसिंगचा होता.

पण हातात घोटा होता, आणि खाली प्रेमदास हसत होता. "वा रे गड्या," असंच काहीतरी म्हणत होता. उत्तमसिंगच्या हातानं तो पाय पिळला. कचकन आवाज झाला. प्रेमदासचं हसू तोंडातच राहिलं आणि त्याच्या घशातून जी किंकाळी निघाली ती साऱ्या मैदानानं ऐकली.

"पाय घसरला, माजा पाय घसरला," उत्तमसिंग म्हणत राहिला. लोकांनी मानलं. खेळात होतं असं. प्रेमदासला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. उत्तमसिंगनं वर पाहिलं, तर रेषेच्या कडेला निर्मलाबाई उभी होती. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून घरात शब्द बंद झाला. ती ताट वाढायची, पाणी ठेवायची, कापडं धुवायची. बोलायची मात्र नाही. "प्रेमदासभाऊ म्हनले" हेही बंद झालं. जे ऐकून त्याचा तिळपापड व्हायचा, त्याच्या जागी आता काहीच नव्हतं, आणि हे काहीच नसणं त्याहून वाईट होतं.

त्याला वाटलं होतं, प्रेमदास पडला म्हणजे मैदानही ओस पडेल. एका सकाळी तो बाभळीमागं जाऊन पाहतो, तर रांगा तशाच उभ्या. समोर निर्मलाबाई. "हात वर. दम घ्या. घाई करू नका, सखुबाई, तुमाला जमंल तेवढंच." आवाज खणखणीत. प्रेमदास तिथं नव्हता, तरी ती तशीच ताठ उभी होती, तसाच तिचा चेहरा खुललेला होता. उत्तमसिंग बराच वेळ पाहत राहिला. इतके दिवस ज्याच्यावर जळत होता तो माणूस पाय प्लास्टरमध्ये घालून खाटेवर पडला होता, आणि पोटातली आग तर तशीच होती. आता ती कुणावर धरावी हे त्याला कळेना.

दुपारी तो प्रेमदासच्या घरी गेला. प्रेमदास ओसरीत खाटेवर होता. त्याची बायको चंदाबाई दाराशी तूर निवडत बसली होती. तिनं "या" म्हटलं नाही, पण उठून घोंगडी टाकली.

उत्तमसिंग घोंगडीच्या कडेला टेकला. मग प्रेमदासच म्हणाला, "पाय घसरला असं तू समद्यांना सांगितलंस. मला खरं सांग."

"घसरला न्हाई," उत्तमसिंग खाली बघत म्हणाला. "मी पिळला."

"माहीत हाय मला. लहानपनापासून तुज्या हातात हात घालून खेळलो. काहून पिळलास, एवढं सांग."

 "माजी बायको तुज्यासमोर हसते," उत्तमसिंग कसाबसा म्हणाला.

प्रेमदास थक्क होऊन बघत राहिला. बोलली ती चंदाबाई. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "भाऊजी, त्या दोरीला तिच्या मागं मी असते. माज्या मागं सखुबाई. आमी सगळ्याच हसतो. तुमी आलते ना बाभळीमागं? आमी पाह्यलं व्हतं तुमाला. तुमाला तितं दोघंच दिसले का? आमी येवढ्या बाया दिसल्या न्हाईत?"

खरंच दिसल्या नव्हत्या. उत्तमसिंगनं आठवून पाहिलं, त्याला त्या दोरखंडावर एकही दुसरा चेहरा आठवेना.

"माफी मागू नको," प्रेमदास म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, आणि तो त्यानं लपवला नाही. "आत्ता न्हाई देता यायची मला. हरभरा काढायला आलाय, आन् मी हा असा पडलोय. जमत असंल तर तेवढं बघ."

उत्तमसिंगनं दुसऱ्या दिवसापासून प्रेमदासचा हरभरा काढायला घेतला. स्वतःची हळद मागं ठेवली. सकाळची थंडी असतानाच तो वाकायचा, ऊन चढेपर्यंत वाकलेला असायचा. कंबर मोडून यायची. कुणी विचारलं तर काही सांगायचा नाही.

शेवटच्या पट्ट्यात असताना बांधावर सावली पडली. निर्मलाबाई होती. व्यायाम आटोपून, भाकरी बांधून आली होती. तिनं फडकं सोडून त्याच्यासमोर ठेवलं आणि समोर बसली.

"मी मुद्दाम केलं," तो म्हणाला.

"पाह्यलं मी. तितंच उभी व्हते." कितीतरी दिवसांनी तिचा आवाज त्याच्याशी बोलत होता. "तुमी काय केलं ते मला कळलं व्हतं. काहून केलं ते कळंना. काल चंदानं सांगितलं."

त्यानं हातातलं हरभऱ्याचं झाड ढिगावर टाकलं.

"मला इचारायचं तरी," ती म्हणाली. "मेळाव्यात आमी जिकलो तवा मी तुमालाच बघत व्हते. तुमी दुसरीकडंच बघून राहिले व्हते."

भाकरी तशीच राहिली. मग ती म्हणाली, "समद्यांसमोर केलं, तर समद्यांसमोर सांगा. त्याबिगर मला त्या मैदानात ताठ उभं राह्यला येत न्हाई."

मेळाव्यापासून रविवारी मैदानावर व्यायामाला पुरुष-बाया सगळेच यायचे. उत्तमसिंग पुढं गेला. मुन्नाही आला होता. एका कडेला खुर्चीवर, कुबड्या आडव्या ठेवून प्रेमदास बसला होता.

"त्या दिवशी माजा पाय घसरला न्हाई," उत्तमसिंग म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला. "शिट्टी झाल्यावर मी जानून त्याचा पाय पिळला. माज्या मनात वंगाळ आलं व्हतं. चूक माजी."

कुजबुज झाली. कुणीतरी "शी" म्हणालं, ते त्यानं ऐकलं आणि ऐकून घेतलं.  प्रेमदासनं खुर्चीतून नुसतं बोट दाखवलं: पुरुषांची रांग तिकडं आहे, तिकडं उभा राहा.

उत्तमसिंग शेवटी जाऊन उभा राहिला. निर्मलाबाई समोरून रांगांवर नजर फिरवत आली. त्याच्याजवळ थांबली नाही. दुसऱ्या टोकाच्या एका म्हाताऱ्याचे खांदे तिनं नीट केले, "लई झकास, मामा," असं त्याला म्हणाली, आणि उत्तमसिंगच्या पोटात पुन्हा बारीकशी कळ आली. त्यानं ती ओळखली. मग सगळ्यांच्या बरोबरीनं त्यानंही हात वर केले.