दादाची कोरडी खोली

आमच्या दादाचं असं आहे, घराला आग लागली तरी तो आधी ‘आग’ शब्द कुठून आला ते सांगेल. इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झाला, पण शिकवायची खोड काही निवृत्त झाली नाही.

घरात खोल्या दोनच. उन्हाची, कोरडी खोली दादाला आणि त्याच्या पुस्तकांना. मागची, जिच्या भिंतीचे पोपडे सुटतात आणि गादी कायम दमट असते, ती आईला. मी स्वयंपाकघरात झोपते, त्याची चौकशी कोणी करत नाही. आईला दमा. डॉक्टरांनी बजावलं, या ओलीतून यांना हलवा, नाहीतर हा हिवाळा जड जाईल. मी दादाला सांगायला गेले, तर हा चष्मा पुसत म्हणतो, "पुस्तकं तिकडे ठेवली तर बुरशी धरेल गं."

आईला धरत नाही, असं ह्याचं शास्त्र.

वर मला बसवून ऐकवलं. इंग्रजीत ओलीला ‘डॅम्प’ म्हणतात, पण मुळात त्याचा अर्थ ओल नव्हेच. शब्द डच-जर्मनांकडचा, अर्थ वाफ. इंग्रजीत आधी तो खाणीतल्या विषारी वायूला लावायचे. त्यानं दिवे विझायचे, माणसं गुदमरून मरायची. ओल हा अर्थ फार नंतरचा. "गंमत आहे की नाही?"

पलीकडून आई धापा टाकत म्हणाली, "किती वाचलंय गं त्यानं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ह्याच शब्दावर वाचनालयात त्याचं भाषण होतं. तो इस्त्रीचा सदरा घालून मिरवत गेला आणि मी पदर खोचला. शेजारणीला हाताशी घेऊन आईची खाट उन्हाच्या खोलीत आणली, पुस्तकं मागे नेऊन रचली. आईचं एकच पालुपद, "त्याला विचारायला हवं होतं. माझ्यासाठी तो नाही म्हणणार नाही, पण विचारायला हवं होतं."

दादा परतला. आईकडे त्यानं पाहिलंही नाही. रिकाम्या फळ्या दिसल्या आणि तो तडक मागे धावला. एकेक पुस्तक गालाला लावून बघत होता.

"एका रात्रीत वाट लागेल यांची," तिथूनच म्हणाला. "आईला आत्ताच्या आत्ता इकडे आण."

आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं. आता म्हणेल, ने बाई मला परत. मी वाकले.

"दाराला आतून कडी घाल," आई म्हणाली.