मायफळ लावलेलं पान

वेखंड उगाळून झाल्यावर अनघाने सहाणेवर मधाचा थेंब टाकला, बोटाने कालवला आणि ते बोट साराच्या तोंडाशी नेलं. साराने ओठ घट्ट मिटून घेतले. होइकुएनला, इथल्या जपानी बालवाडीला, जायची पिवळी टोपी तिने आधीच डोक्यात घातली होती.

"आ कर बाळा. एवढंसंच."

पुण्यात अजून उजाडलंही नव्हतं, तरी सासूबाई फोनमधून डोळे ताणून बघत होत्या.

"नाक धर तिचं, अनघा. सुशीलला मी तसंच चाटवायचे. तो तर बोललाच उशिरा. आता बोलू देतो का दुसऱ्या कुणाला?"

"ऐकतोय मी," दाराशी बूट घालत सुशील म्हणाला.

अनघाने नाक धरलं नाही, हनुवटी धरली. बोट जिभेवरून फिरलं. सारा रडली नाही. तिने बाही जिभेवर ओढली आणि पुसत राहिली.

"आता म्हण, आई. म्हण ना. एकदाच."

सारा तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

गेल्या वर्षीपर्यंत ही पोर अखंड बडबडायची, आणि मराठीतच. वसंतात होइकुएन सुरू झालं, आणि पावसाळा संपेपर्यंत घरातलं तिचं बोलणं आटून गेलं. तिथेही ती कुणाशी बोलत नाही, असं तिथल्या बाई, मोरी-सेन्सेई, सांगायच्या. कान तपासून झाले होते. कानात दोष नव्हता.

"शुक्रवारी आरोग्य केंद्रात जायचंय," सुशील म्हणाला. "तोवर काय करायचं ते कर. नंतर मात्र घरात फक्त जपानी. ऑफिसात सगळे तेच सांगतायत. दोन भाषांमध्ये गुदमरतेय ती."

"मग आईंशी काय बोलेल?"

"आधी कुणाशी तरी बोलू दे, अनघा."

तिकडे सासूबाईंनी फोन बंद केला. 

साराला सोडून अनघा सायकलने विद्यापीठात गेली. पुण्यात शिकलेलं इमेज प्रोसेसिंग इथे एका पोथीच्या कामी आलं होतं. पोथी वेल्समधली, मध्ययुगातल्या कवितांची, चामड्याच्या पानांवर लिहिलेली. मठ मोडला तेव्हा कुणीतरी ती घोंगडीत गुंडाळून नेली, मग कित्येक पिढ्या ती शेतकऱ्यांच्या घरांत पडून होती, असं तिथल्या प्राध्यापक ओकाबे-सेन्सेई सांगत. आता ती तिकडेच कुलपात होती. इथे जपानात, त्सुकुबाला, आले होते ते वेगवेगळ्या प्रकाशात काढलेले तिचे फोटो. पुसट अक्षरं वर आणून द्यायची, एवढं अनघाचं काम. वाचायचं काम सेन्सेईंचं.

आठवडाभर ती एकाच पानाशी झटत होती. ते पान वरपासून खालपर्यंत तपकिरी होतं, चहाची किटली उपडी व्हावी तसं. कोणताही प्रकाश घ्या, कॉन्ट्रास्ट कितीही खेचा, वरच्या काही ओळींखेरीज हाताला काही लागत नव्हतं.

"सोडा ते," ओकाबे-सेन्सेई मागून म्हणाल्या. साठी उलटलेल्या, बुटक्या, नेहमी लोकरी मोजे घालणाऱ्या बाई. "ते पान मेलंय. औषधाने मेलं."

"औषधाने?"

सेन्सेईंनी कपाटातून काचेची बाटली काढली आणि तिच्या तळहातावर एक गोळी पाडली. टणक, राखाडी, अंगावर बारीक टेंगळं.

"हे तर मायफळ," अनघाच्या तोंडून मराठीतच निघून गेलं. मग तिने जपानीत सांगितलं, "आमच्याकडे हे उगाळून बाळांना चाटवतात. गुटीत."

"बाळांना? बिचारी बाळं!" सेन्सेई हसल्या. "दोनशे वर्षांपूर्वी पोथी एका पाद्र्याकडे होती. शाई उडालेली. त्याने ही फळं उकळली आणि पाणी ब्रशने पानावर फिरवलं. तेव्हा सगळेच करायचे तसं. अक्षरं वर आली, काळीभोर. तो आनंदाने उतरवून घ्यायला बसला."

"मग?"

"मग अंधार पडला. वरच्या ओळी झाल्या होत्या, बाकीच्या उद्या करू म्हणाला. सकाळी बघतो तर हे असं."

अनघाने संगणकावर ते पान पुन्हा मोठं केलं.

"त्याने हात लावला नसता," सेन्सेई म्हणाल्या, "तर आज तुमच्या कॅमेऱ्यांना सगळं दिसलं असतं. पण त्याला काय माहीत, कॅमेरे येणार आहेत! त्याला वाटलं, आपल्या हयातीत गेलं तर गेलंच. कवितेवर फार जीव होता त्याचा."

अनघाने मायफळ बाटलीत टाकलं. घट्ट झाकण लावलं. डोकं दुखतंय असं सांगून ती लवकर निघाली.

होइकुएनच्या फाटकाशी मोरी-सेन्सेईंनी तिला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी मागच्या अंगणाकडे खूण केली. सशाच्या खुराड्यापुढे सारा उकिडवी बसली होती. हातात कोबीचं पान होतं.

"बोल ना," ती म्हणत होती. स्वच्छ, मऊ मराठीत. "एकदाच बोल. म्हण, आई."

सशाने नाक हलवलं.

"नाही बोललास ना, तर आई बाथरूममध्ये जाऊन रडते. नळ सोडून." साराने पान जाळीतून आत सारलं. मग जाळीला ओठ लावून हळूच म्हणाली, "मला सांग. मी कुणाला सांगणार नाही."

"काल पहिल्यांदा ऐकलं आम्ही," मोरी-सेन्सेई कुजबुजल्या. "कुणी जवळ गेलं की थांबते. कोणती भाषा आहे ही?"

"आमची."

"काय म्हणतेय?"



"सशाची समजूत घालतेय," अनघा म्हणाली.

"हाक मारू? तुम्हाला बघून खूश होईल."

"नको."

पर्समध्ये फोन थरथरला. सुशीलचा मेसेज होता: आज काही बोलली?

अनघाने तो वाचला. उत्तर न देता तिने फोन बंद केला, सायकल आवाज न करता कुंपणाला टेकवली आणि साराला दिसणार नाही अशी भिंतीच्या आडोशाला उभी राहिली.