रांगेतली शेवटची पट्टी

हे मी सांगायला नको होतं. डॉक्टर ज्योत्स्नांनी फोनवर अगदी बारीक आवाजात म्हटलं होतं, "गजेंद्रभाऊ, हे आपल्या दोघांतच राहू द्या. कोणाले सांगू नोका." गजेंद्रभाऊंनी आजवर ते कुणाला सांगितलेलं नाही. पण त्या वेळी मी त्यांच्या तळहातावर होते आणि फोन स्पीकरवर होता. मला कुणी शपथ घातली नाही, कारण मला ऐकू येतं हे कुणाला ठाऊकच नाही.

मी एक पट्टी आहे. बोटाएवढी, पत्र्याची. माझ्या टोकाला एक नकली दात बसवलेला आहे. अशा सोळा पट्ट्यांच्या रांगेला दातांचे डॉक्टर शेड गाईड म्हणतात. साडीवर ब्लाऊजचं कापड घ्यायला बायका दुकानात साडीचा पदर घेऊन जातात ना, तसंच आमचं काम. तुमच्या तुटलेल्या दातावर कॅप बसवायची असली की आमच्यातली एकेक पट्टी तुमच्या शेजारच्या दाताला लावून बघतात. जिचा रंग जुळतो तिचा नंबर कागदावर लिहून लॅबमध्ये पाठवतात. तिथला कारागीर त्या नंबराच्या रंगाचा दात घडवतो.

माझा नंबर सी-फोर. उजळपासून गडदपर्यंत रांग लावली की मी सगळ्यात शेवटी येते. माझा दात तपकिरीकडे झुकणारा आहे, मुळाशी तर जरा जास्तच.

कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. आम्हा सगळ्यांना एका मापाच्या साच्यांतून काढलं, रंग दिले, नंबर दिले. कुणीतरी मला दिव्याखाली धरलं, डोळे बारीक केले आणि म्हटलं, "चालेल." माझ्या कानावर पडलेला तो पहिला शब्द.

अमरावतीच्या एका डेंटल सामानाच्या दुकानात मी किती दिवस होते, सांगता येणार नाही. डबी बंद होती. एके दिवशी ती उघडली आणि समोर एक तरुण डॉक्टर उभी दिसली. सोबत धोतर-टोपीतले तिचे वडील, शेषराव. तिवस्याजवळ त्यांची वांगी-मिरचीची बागायत. लेक अकोल्याला दवाखाना काढणार म्हणून सामान निवडायला तेही आले होते.

सकाळपासून त्यांचं पेशंटच्या खुर्चीवरच चाललं होतं. ज्योत्स्ना दिवा खालीवर करून बघत होती, पायाचं बटन दाबत होती, पाण्याची नळी हातात घेऊन तिचा जोर बघत होती. शेषराव शेवटी त्या खुर्चीत जाऊन आडवे झाले.

"बापा! ह्याच्यात दात काढाले नाही, झोपाले येतीन लोक."

"बाबा, उठा ना. दुकानदार पाहून राहिला."

"पाहू दे. मले तं इथूनच पाह्यजे काय दिसते ते. पेशंटले छतच दिसते ना? छताले जाळे नोको ठेवू."

मग त्यांनी दात उपटायचे चिमटे हातात घेतले. विळा घ्यावा तसा प्रत्येक चिमटा मुठीत धरून, तोलून, मूठ आवळून पाहिला. त्यांनी बाजूला काढलेला एक चिमटा खरंच सैल निघाला. दुकानदाराने तो मुकाट्याने बदलून दिला. अशी दुपार टळली. तिवस्याची बस जवळ आली, तेव्हा यादीत शेवटी उरले मी. म्हणजे आम्ही सोळाजणी.

ज्योत्स्नाने डबी हातात घेऊन वळवून पाहिली. "ही नक्कल आहे ना? ओरिजनल नाही का?"

"आहे ना. मागवावी लागेल, आठ दिवस लागतील," दुकानदार म्हणाला. "उद्घाटन कधी आहे म्हणाल्या?"

"परवा."

"मग हीच न्या. त्यातही सोळा, ह्यातही सोळा. नंबर सगळे तेच."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तेवढ्यात शेषराव पिशवी उचलत म्हणाले, "नंबर तेच हायेत ना? मंग घे न माय. बस जाईन."

जो माणूस रोपाचं पान उलटं करून पाहिल्याशिवाय रोप घेत नाही, तो असं म्हणाला. आणि आम्ही पिशवीत गेलो.

अकोल्याचा दवाखाना छोटा होता, पण उजेड छान होता. पूर्वेला मोठी खिडकी. प्रणाली नावाची एक ताई मदतीला होती. ती रोज संध्याकाळी आम्हाला एकेक करून पुसायची. मला कुणी वापरलेलं नसायचं, तरी मलाही पुसायची. दिवसभरात तेवढाच एक हात मला लागायचा.

माणसांना दात निवडायला सांगितले की ती काय करतात, ते मी शेवटच्या जागेवरून रोज बघत होते. सगळे पहिल्या पट्टीकडे बोट दाखवतात. सत्तर वर्षांचे आजोबाही म्हणतात, "हा पांढराफेक लावा." डॉक्टर समजावतात की शेजारच्या दातांत तो उठून दिसेल. मग नाइलाजाने ते दुसरी पट्टी घेतात, नाहीतर तिसरी. पंधराव्या पट्टीपर्यंतसुद्धा कुणी पोचत नाही. पहिल्या पट्टीच्या कडा वापरून घासल्या होत्या. माझी पट्टी दुकानात होती तशीच चकचकीत होती. मला त्या चकचकीतपणाची लाज वाटायची.

पावसाळा संपता संपता भावनाताई आल्या. त्या तेल्हाऱ्याकडच्या एका गावात अंगणवाडी चालवतात. एका पोरीचं नाक पुसायला वाकल्या, पोरीने नेमकी उडी मारली आणि तिचं टाळकं यांच्या समोरच्या दातावर आपटलं. अर्धा दात गेला. त्या बोलताना पदर तोंडावर धरत होत्या. ज्योत्स्नाने पदर हळूच बाजूला केला तेव्हा मी पाहिलं. त्यांचे बाकीचे सगळे दात माझ्यासारखे होते.

"माहेरच्या विहिरीचं पाणीच तसं होतं मॅडम. आमच्या घरच्या साऱ्यायचे असेच हायेत."

ज्योत्स्नाने त्यांना खिडकीजवळ नेलं. एक पट्टी लावली, काढली. दुसरी लावली, काढली. आणि मग माझ्यावर हात आला. पहिल्यांदाच. ओठाखाली मी एका जिवंत दाताला टेकले. आत ऊब होती. मी कधी अनुभवली नव्हती अशी ऊब, बाहेरून तर ती दिसतही नाही.

"जुळलं," ज्योत्स्ना म्हणाली. "सी-फोर."

डॉक्टरांनी तुटलेला दात घासून त्यावर तात्पुरती कॅप बसवली. तयार मिळते ती, पांढरी. कागद अमरावतीला, दात घडवणाऱ्या गजेंद्रभाऊंच्या लॅबमध्ये गेला.

दहा दिवसांनी दात आला. तो माझ्यासारखा नव्हता. राखाडी होता.

भावनाताईंनी आरशात पाहिलं. "हा तं गोटा दिसून राहिला, मॅडम."

ज्योत्स्नाने फोन लावला. "गजेंद्रभाऊ, मी सी-फोर लिहिलं होतं."

"अन् म्या सी-फोरच केला, मॅडम. तुमी ट्यूबलाइटच्या उजेडात पाह्यलं असन."

"खिडकीत पाह्यलं मी."

"मंग एक नंबर कमी करून पाठवतो."

दुसरा दात आला. फिकट राखाडी. तेल्हाऱ्याहून येणं-जाणं म्हणजे भावनाताईंचा अख्खा दिवस मोडायचा. अंगणवाडी मदतनीस बाईवर सोडून यावं लागायचं. दुसरा दात बघून त्यांनी आरसा पालथा ठेवला. म्हणाल्या, "राहू द्या मॅडम. हा पांढराच राहू द्या."

"तो टिकत नाही ताई, दोन महिन्यांत निघेल. आणि तुम्हालाच आवडत नाही ना तो?"

"माह्या आवडीचं काय घेऊन बसल्या! पोट्टे म्हणते, बाईच्या तोंडात खडू हाये." त्या हसल्या, आणि हसताना पदर वर गेला. मग त्यांचा आवाज खाली आला. "म्या तोंडावर हात ठेवून गाणं म्हणतो ना, मॅडम. परवा पाह्यलं तं सारे लेकरं तोंडावर हात ठेवून गाऊन राहिले. इवले इवले हात. त्यायले वाटते, गाणं असंच म्हणा लागते. एक लेकरू तं नुकतंच बोलाले लागलं. थे बोलतानीच हात ठेवते. त्याच्या मायनं मले इचारलं, काहून ठेवते म्हणून. मी काय सांगू?"

प्रणालीताईंनी उगाच कापसाची बरणी पुसली.

ज्योत्स्नाने पुन्हा आम्हाला बाहेर काढलं. पुन्हा खिडकी, पुन्हा सोळाजणी. पुन्हा मीच जुळले. मी ओरडून सांगितलं असतं, की चूक तुझ्या डोळ्यांची नाही, गजेंद्रभाऊंच्या हातांचीही नाही. माझ्यावर जो नंबर आहे तो माझा नाही. मी नक्कल आहे. खरी सी-फोर कशी असते, ते मी पाहिलेलंही नाही. पण दाताला बोलता येत असलं तरी ते तोंडात असतानाच.

भावनाताई आरशात बघत होत्या. मी त्यांच्या ओठाखालीच होते. त्या वैतागून म्हणाल्या, "मॅडम, ही पट्टीच बसवून द्या ना! हिचा रंग तं जुळते. मंग दुसरा कायले करता?"

एक क्षण, खरं सांगते, मला वाटलं की बसवतील.

ज्योत्स्ना हसली. हसता हसता थांबली. तिने मला डोळ्यांजवळ धरलं, अमरावतीच्या दुकानात पाहिलं होतं तसं पाहिलं. मग मला रांगेतून उपसून काढलं, कापसात गुंडाळून एका डबीत घातलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'नंबर विसरा. हिच्यासारखा दात करा.'

एसटीने मी मूर्तिजापूरवरून अमरावतीला गेले. पंधराजणी मागे राहिल्या. इतके दिवस आम्ही खांद्याला खांदा लावून होतो, पण एकमेकींशी कधी बोललो नव्हतो. डबीत मला त्याचं वाईट वाटलं.

गजेंद्रभाऊंच्या लॅबमध्ये पांढरी भुकटी सगळीकडे उडालेली असते. त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होत्या. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि शेजारी स्वतःची सी-फोर ठेवली. ती खरी होती. राखाडी, शांत, स्वतःच्या नंबराची. मी तिच्या शेजारी लालसर दिसत होते. गजेंद्रभाऊंनी मला तळहातावर घेतलं आणि फोन लावला.

"मॅडम, तुमची सी-फोर अन् माही सी-फोर सख्ख्या तं सोडाच, चुलत बहिणीही नाही. कुठून आणली ही?"

ज्योत्स्नाने ती अमरावतीच्या दुकानातली नक्कल असल्याचं सांगून टाकलं. मग तिने ते वाक्य म्हटलं, जे मी तुम्हाला आधीच सांगून बसले आहे. शेवटी म्हणाली, "चिमट्याची मूठ आवळून पाह्यली, गजेंद्रभाऊ. खुर्चीवर तं बाबा झोपून पाह्यले. हिच्या वेळी मी फक्त नंबर वाचला."

"होते असं," गजेंद्रभाऊ म्हणाले. "मी दात करतो. पण नवीन गाईड मागवा, आजच्या आज."

तीन दिवस मी त्यांच्या समोर होते. ते मला बघत, ब्रश बुडवत, रंग लावत, भट्टीत घालत, काढत, पुन्हा मला बघत. इतका वेळ माझ्याकडे कुणीच पाहिलेलं नाही, पुढेही पाहणार नाही. चौथ्या दिवशी माझ्यासारखा एक दात माझ्या शेजारी होता. मुळाशी जरा गडद, तसाच. आम्हा दोघांना एकाच डबीत घालून त्यांनी अकोल्याला पाठवलं. रस्ताभर तो माझ्यावर आपटत होता. त्याला माहीत नव्हतं की त्याला शेजारी मिळणार आहेत आणि मला नाहीत. मीही सांगितलं नाही.

तो बसला तेव्हा मी ट्रेमध्ये होते. भावनाताईंनी आरसा घेतला, खिडकीत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. कोणता नवा आणि कोणते जुने, हे त्या बोटाने शोधत होत्या. मग त्यांनी अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंना व्हिडिओ कॉल लावला. "लेकरायले समोर घ्या वं." फोनमधून कलकलाट आला. भावनाताईंनी फोन चेहऱ्यासमोर धरला, दुसरा हात मुद्दाम पाठीमागे नेला आणि अख्ख्या दवाखान्यात ऐकू जाईल असं गाणं म्हणायला लागल्या. एका कडव्यानंतर थांबल्या.

"हात खाली करा रे सारे! पाहा, माहा हात कुठं हाये?"

"मांगं!" पोरं ओरडली.

"मंग? तुमचे?"

काय दिसलं ते फोनच्या पलीकडचं. मला फक्त भावनाताईंचे डोळे दिसले, आणि ते पुसायला पदर वर गेला. तोंडापर्यंत नाही, डोळ्यांपर्यंतच.

नवीन शेड गाईड त्याच आठवड्यात आलं. माझ्या पंधराजणी प्रणालीताईंनी सुक्या कचऱ्यात टाकल्या. मला टाकताना ज्योत्स्ना म्हणाली, "ही राहू दे." का, ते तिने सांगितलं नाही. तेव्हापासून मी खालच्या खणात आहे, एका रबरबँडसोबत. इथे मला कुणी पुसत नाही. वरच्या खणातून नव्या सोळाजणी बाहेर निघतात, आत येतात, त्यांचा खणखणाट ऐकू येतो. मी तो दात आठवते. तो आता घास चावत असेल, गाणी म्हणत असेल. मी आयुष्यात काहीच चावलेलं नाही.

आत्ता बाहेर एक म्हाताऱ्या बाई आल्या आहेत. आवाज मोठा आहे. "मी पार्बताबाई. भावना माह्या भावाची पोरगी. तिच्यासारखाच दात पाह्यजे मले, एकाच विहिरीवर वाढलो आमी."

वरच्या सोळाजणी बाहेर गेल्या. एक लावली. दुसरी लावली. 'जुळलं' काही ऐकू येत नाही.

तेवढ्यात माझं शेवटचं सांगून घेते. नक्कल असल्याची तक्रार मी करत नाही. ज्योत्स्नाने खरी आणली ते बरोबरच केलं. तुम्हीही सामान घ्याल तेव्हा खरंच घ्या, आणि डबीवरचा नंबर वाचून थांबू नका, उजेडात नेऊन बघा. पण माझ्यासारखी एखादी तुमच्या खणात उरलीच असेल, तर अधूनमधून तिला नुसतं हातात घेऊन...

"प्रणाली, खालच्या खणातली ती जुनी पट्टी दे वं. लवकर!"

हो, आले. मी म्हणत होते की नुसतं हातात