दुसरी फ्रेम

चांगुणामावशीच्या हातून तांब्या निसटला आणि न्हाणीतल्या फरशीवर दोनदा आपटून मोरीपर्यंत घरंगळत गेला. कपडे वाळत घालणारी शिल्पा धावत आत आली. मावशीच्या लांब केलेल्या पायांवर तीन महिन्यांची महामाया उताणी पडली होती, डोळे टक्क उघडे.

"काय पडलं?"

"तांब्या." मावशीने तो उचलला नाही. ती लेकराकडेच बघत होती. "हे दचकलं न्हाई बघ, पोरी."

"शहाणी आहे माझी लेक."

"शहाणी तर हायच. पण एवढा आवाज झाला अन् पापणी लवली न्हाई. चाळीस वर्षं लेकरं न्हाऊ घालून राहिले मी. एकदा दाखवून घे."

शिल्पा हसली. "मावशी, ही पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत लग्नाच्या ऑर्डरी केल्यात मी, कॅमेरा पोटावर टेकवून. शटरचे खटके ऐकून ऐकून कान तयार झालेत तिचे."

मावशीने लेकराला दुपट्यात गुंडाळलं.

या गोष्टीला सहा महिने होऊन गेले होते. आता नांदेडला वजिराबादच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काउंटरवर दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवलेले होते. एक शिल्पाचा, सात वर्षांचा, मुठीजवळचं रबर सुटत आलेला. दुसरा नवा, खोक्यातून नुकता काढलेला. दुकानात शिरल्याशिरल्या तिने एसीचा झोत कुठे येतो ते आधी पाहिलं होतं आणि लेकीला खांद्यावर घेतलेल्या नवऱ्याला, प्रेमला, दुसऱ्या बाजूला उभं केलं होतं. महामायाच्या अंगावर उठलेला एकेक पुरळ तिने डॉक्टरांना दाखवलेला होता.

"तुमच्या ह्याच्यात आरसा हाय, ताई," दुकानदार वैजनाथ म्हणाला. तो मूळचा लातूरकडच्या मुरुडचा. शिल्पाची पहिली लेन्स त्याच्याकडचीच. "बटण दाबलं की आरसा उठतो, बसतो. त्याचाच हा खटका. ह्या नव्यात आरसाच न्हाई. दाबा की तुम्ही."

शिल्पाने दाबलं. काहीच झालं नाही. पडद्याच्या कडेला पांढरी चौकट लुकलुकली.

"निघाला?"

"बारा निघाले."

प्रेम हसला. "घेऊन टाक आता. सहा महिने तुझं 'बघू, बघू' चाललंय."

बाळंतपणानंतर ती पुन्हा कामाला लागली ती लहान बाळांच्या फोटोंपासून. लग्नातली धावपळ नको, रात्री घरी येता येतं. पण गेल्या महिन्यात तरोड्याला एका घरी बाळ चारदा उठून रडलं, आणि त्याची आजी म्हणाली, "बाई, हा कॅमेरा हाय का पिठाची गिरणी?" सगळे हसले. शिल्पाही हसली. त्या घरच्या थोरल्या सुनेने मात्र आपल्या बाळाच्या वेळी दुसऱ्याच कुणाला बोलावलं. कॅमेरा बदलला नाही तर हातातलं काम जाणार, हे तिला दिसत होतं. आणि तरी सात वर्षं ज्याच्यावर हात बसला, तो सोडवत नव्हता.

"लेकरांच्या फोटोला हाच पायजे," वैजनाथ म्हणाला. "जुन्यात सलग काढले की पहिला झकास येतो. अन् दुसऱ्यात खटक्यानं लेकराचे डोळे मिटलेले, हात वर. खरं का न्हाई?"

अगदी खरं होतं. दुसरी फ्रेम ती न बघताच पुसून टाकायची.

"ह्याच्यात बाराच्या बारा सारख्या."

"माझ्या लेकीच्या जुन्यातही बाराच्या बारा सारख्या येतात," शिल्पा कौतुकाने म्हणाली. "आजवर एकही फेकावी लागली..."

तिने जुना कॅमेरा ओढून घेतला आणि मागचे फोटो चाळायला लागली. रविवारचे. त्याच्या आधीचे. लेक खुळखुळा धरून, लेक दुधाच्या मिशीत. पहिल्या फ्रेममध्ये डोळे उघडे, दुसऱ्या फ्रेममध्ये उघडे, तिसऱ्या फ्रेममध्येही.

ती काउंटरपासून बाजूला झाली, प्रेमच्या दुसऱ्या खांद्यामागे गेली आणि लेकीच्या डोक्यामागून वीतभर अंतरावर शटर दाबलं. बॅगांच्या रांगेपाशी उभे असलेले एक गृहस्थ चमकून वळले. महामाया बापाची कॉलर चघळत राहिली.

"काय करतेस?"

"हलू नका. तिला हाक मारा. तोंड तिकडं करा, तुमचं तोंड दिसायला नको तिला."

"माये!" प्रेमने हसत हाक मारली. मग पुन्हा, न हसता, "माये!"

महामायाने मान वळवली आणि खुदकन हसली.

"बघ! वळली की!"

"समोरच्या कपाटाच्या काचेत मी दिसले तिला," शिल्पा म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट आला.

प्रेमने लेकीला खांद्यावरून काढून छातीशी घेतलं. वैजनाथने नव्या कॅमेऱ्यावर खोक्याचं झाकण लावलं.

"हे कुठं जात न्हाई, ताई. आधी लेकराचं बघा."

कानांच्या तपासणीसाठी नांदेडपेक्षा लातूरची तारीख लवकर मिळाली. झोपलेल्या महामायाच्या कपाळाला, कानांमागे वायरी चिकटवल्या होत्या, आणि शिल्पा त्या वायरींखालच्या चेहऱ्याकडे तासभर बघत बसली. तपासणाऱ्या बाई कागद घेऊन आल्या.

"दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकतेय. अगदीच नाही असं नाही. यंत्रं लावू, मग बघत जाऊ. बरं झालं, लवकर आणलंत."

"लवकर?"

"तीन वर्षांचं झालं, बोलत नाही, म्हणून आणतात लोक."

शिल्पाने मान खाली घातली. नांदेडला उतरल्यावर घरी न जाता ती आधी चांगुणामावशीच्या दारात गेली.

"मावशी, तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं." मावशीने लेकराला तिच्याकडून ओढूनच घेतलं. "आता रडून कशाला राहिलीस? लेकरू तोंडाकडं बघून राहिलंय तुझ्या. बोल त्याच्याशी."

महिनाभराने बोटाच्या पेराएवढी दोन यंत्रं महामायाच्या कानांमागे बसली. पहिले चार दिवस ती उपटून फेकत होती. पाचव्या दिवशी विसरली. त्याच आठवड्यात वैजनाथचा फोन आला.

"नव्या कॅमेऱ्याची ती बॉडी ठेवलीय बरं का, ताई. जुनी घेऊन या, एक्स्चेंजमध्ये धरू."

"नवी घेते, भाऊ. लोकांची लेकरं झोपू देत निवांत. जुनी नाही देणार."

"अहो, तुम्हीच सांगितलेल्या त्या पिठाच्या गिरणीला कोण बोलवणार आता?"

"मीच."

त्या दुपारी महामाया चटईवर वाट्यांशी खेळत होती, पाठ आईकडे. शिल्पा मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसली. समोर कपाटाचं आरशाचं दार उघडून ठेवलं होतं, लेकीचा चेहरा दिसेल असं; लेकीची नजर मात्र वाट्यांवरच होती. तिने जुन्या कॅमेऱ्याच्या बटणावर बोट ठेवलं. मग दाबलं.

पहिल्या फ्रेममध्ये महामाया वाटी तोंडात घालत होती. दुसऱ्या फ्रेममध्ये डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही मुठी हवेत, वाटी सुटलेली. तिसरी फ्रेम हलली होती, कारण तोवर तिने भोकाड पसरलं होतं आणि प्रेम आतून "काय झालं, काय झालं" करत धावत आला होता.

"दचकली," शिल्पा म्हणाली. लेक रडत होती, आणि तिला कडेवर घेऊन शिल्पा हसत होती, गाल पुसत होती.

संध्याकाळी तिने तो फोटो आपल्या कामाच्या नंबरवर स्टेटसला लावला. आता बाळांच्या प्रत्येक अल्बमबरोबर ती खालचा मजकूर पाठवते, ओळखीच्यांना आणि अनोळखी लोकांनाही:

'तुमच्या घरात, भावजयीकडे, शेजारणीकडे लहान लेकरू असेल तर त्याला दिसणार नाही असं मागे उभं राहा आणि एकदा टाळी वाजवा. एकदा न कळलं तर पुन्हा वाजवा. वळलं नाही, किंवा मनात शंका आली, तर हसण्यावारी नेऊ नका, कान तपासून घ्या. आजच बघाल ना?'